सहाव्या खान्यातला बँड

"परत नाही आला," दर्शना म्हणाली.

स्क्रीनवर सहा खाने होते. पहिले तीन पेशंटच्या रक्ताचे. ते कोरे होते आणि कोरेच असायला हवे होते. चौथ्या-पाचव्यात निरोगी माणसांचं रक्त. तिथे काळाभोर, ठसठशीत बँड. सहावा नमुनाही निरोगीच, पण तिथे साधी सावलीसुद्धा नव्हती.

शुभदामॅडम स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. "अँटिबॉडी खराब आहे."

"पण मॅडम, चार-पाचमध्ये इतका मस्त..."

"खराब आहे म्हटलं ना."

आपल्यातला कचरा पेशी स्वतःच खाऊन टाकतात. त्या कामाला लागणारं एक प्रोटीन या पेशंटांच्या अंगात बनतच नाही. आधी तोल जातो, हातातल्या वस्तू निसटतात. मग बोलणं अडखळतं, मग माणूस अंथरूण धरतो. अँटिबॉडी ते प्रोटीन शोधून त्याला चिकटते. चिकटली की बँड दिसतो. एवढ्याशा रक्तावरून हा आजार लवकर ओळखता येतो, हे सिद्ध करायला दर्शनाने उमेदीची वर्षं घातली होती. आणि पीएचडीच्या कमिटीने एकाच वाक्यात विचारलं होतं, "निरोगी माणसातच प्रोटीन सापडत नसेल, तर तुमच्या अँटिबॉडीवर विश्वास कसा ठेवायचा?"

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. यापुढे मुदत मिळणार नव्हती.

आंबिवलीच्या चाळीत तिचे बाबा, चांगदेव, रोज दारातच विचारायचे, "आला का गं तुझा बँड?" ते ऐकून शेजारच्या रमाबाईंनी परवा हळूच बाबांकडे चौकशी केली होती, "पोरीचं लग्न ठरवलंत, आम्हाला सांगितलं नाहीत?" दर्शना हसली होती. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली होती.

"मॅडम, सहा नंबर काढूनच टाकू या का?"

"कमिटीने पाहिलाय तो. आता काढला तर चोरी होईल." मॅडमनी ग्लव्हज ओढून नीट केले. "आणि सहा नंबरला काही झालेलं नाही. आमच्या सोसायटीतली मुलगी आहे. एकोणीस वर्षांची, धडधाकट."

निरोगी रक्त लॅबची माणसंच जमवायची. कुणी मेव्हण्याला धरून आणे, कुणी वॉचमनला. चार नंबर खुद्द दर्शनाच होती. नमुन्यावर नाव घालायचं नाही, फक्त नंबर, असा नियम होता. कोण ते आणणाऱ्यालाच ठाऊक.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. त्यांच्या हातात ग्लव्हज होते. दर्शनाने नेहमीसारखा स्पीकर लावून फोन त्यांच्या तोंडाशी धरला. डोंबिवलीहून त्यांची मुलगी वल्लरी बोलत होती.

"आई, ओरडू नकोस हं. लोणच्याची बरणी गेली."

"कशी गेली?"

"गेली म्हणजे पडली. हातातून. तू म्हणतेस ना, मी जन्मजात धांदरट."

"काच पायात जाईल. चप्पल घाल आधी," मॅडम म्हणाल्या. एरवी त्या लोणच्यासाठी तरी ओरडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं, ते कुठल्याच गाइडने केलं नसतं. शीळफाट्याच्या पुढे एका औषध कंपनीत त्यांचा वर्गमित्र प्रशांत होता. त्याच्याकडे तीच अँटिबॉडी होती, दुसऱ्या लॉटची, सील न फोडलेली. मॅडम स्वतः रिक्षाने गेल्या. येताना ट्रॅफिकमध्ये थर्मासमधला बर्फ विरघळला, तर शीळफाट्यावर उसाच्या रसवाल्याकडून बर्फ मागून घेतला. खोपटच्या लॅबमध्ये पोचल्या तेव्हा साडीवर चिखल होता आणि थर्मास पोटाशी धरलेला.

"आणि हा सहा नंबर. सकाळी ताजा काढून आणलाय," त्यांनी पर्समधून नळी काढली. "मागच्या दोन्ही वेळा आपणच कुठेतरी चुकलो असू."

दर्शनाला भरून आलं. "मॅडम, माझ्यासाठी इतकं कोण करतं?"

मॅडम ग्लव्हज चढवू लागल्या.

गुरुवारी दुपारी दोघी स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या. मॅडमच्या हातात दर्शनाचा हात होता आणि तो त्यांनी इतका घट्ट धरला होता की तिची अंगठी रुतत होती.

एक, दोन, तीन कोरे. चार, काळा. पाच, काळा.

सहा कोरा.

"रस्त्यात गरम झाली असेल," मॅडम म्हणाल्या. "रसवाल्याचा बर्फ, त्याचा काय भरवसा. परत लावू."

"गरम झाली असती तर चार-पाचमध्येही बँड आला नसता!" दर्शना ओरडलीच. इतका वेळ जे समोर होतं, ते तिला आत्ता दिसलं. "मॅडम, दोन लॉट, तीन वेळा रक्त, आणि दर वेळी तेच! अँटिबॉडी पहिल्यापासून बरोबरच होती. तो सहा नंबरच निरोगी नाहीये. मॅडम, आपण लक्षणं नीट दिसायच्या आधी पकडलंय! हेच तर सिद्ध करायचं होतं!"

आनंदाने तिने मॅडमना मिठीच मारली. मॅडम लाकडासारख्या उभ्या होत्या.

"सॉरी," दर्शना भानावर आली. "त्या मुलीच्या आईला सांगायला हवं ना? कसं सांगणार तुम्ही?"

"तिला कळलंय," मॅडम म्हणाल्या.

टेबलावर फोन वाजू लागला. मॅडम हलल्या नाहीत. त्यांच्या हातात ग्लव्हज तसेच होते. दर्शनाने नेहमीसारखा स्पीकर लावला आणि फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

"आई," वल्लरी हसत होती, "तिसऱ्यांदा टोचलंस, हात अजून दुखतोय. या वेळी तरी मी नॉर्मल आले की नाही?"