एकट्याची दुरुस्ती

संविधान दिनाला ग्रामसेवक भागवतरावांनी चावडीपुढं तासभर भाषण ठोकलं. बोलता बोलता त्यांना स्वतःचाच आवाज फार आवडायला लागला.

“घटनेत शंभरावर दुरुस्त्या झाल्या, पण एकही सहज झाली नाही. एक शब्द बदलायचा तरी दोन्ही सभागृहांचं बहुमत लागतं, राष्ट्रपतींची सही लागते. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हे!”

टाळ्या पडल्या. मागं बसलेल्या, मेंढरं राखणाऱ्या कोंडाबाई उठून उभ्या राहिल्या.

“मंग तुमी लय मोठे हाव की, साहेब! कुणालाच न इचारता तुमी एकट्यानं रजिस्टरात मला कोंडाबाईचा कोंडाबा केलात. नाव जुळंना म्हणून दोन वर्सं झाली, माझं घरकुल अडकून बसलंय. तीन अर्ज दिले तुमाला.”

सगळी चावडी खो खो हसली. भागवतरावांनी तिथंच रजिस्टर मागवलं आणि ‘कोंडाबा’पुढं एक ‘ई’ लिहिली.

“आता आनखी कुनाकुनाची सही लागंल?” कोंडाबाईंनी काळजीनं विचारलं.

“माझ्या एकट्याचीच,” भागवतराव मान खाली घालून म्हणाले.