ओला टॉवेल

डॉक्टरांनी अण्णांच्या नळ्या काढल्या होत्या. आता फक्त त्रास होऊ द्यायचा नव्हता. "त्यांच्या आवडीचं काही ऐकवा," सिस्टर म्हणाली, म्हणून मुलाने मोबाइलवर अभंग लावले. तरी अण्णांचा हात चादर चाचपडतच राहिला.

ते बघून शरयूबाई पुढे झाल्या. नवऱ्याच्या उशाशी सरकताना त्यांचा हात सिस्टरने अंग पुसल्यावर पलंगावर राहिलेल्या ओल्या टॉवेलवर पडला आणि तोंडून निघूनच गेलं, "परत ओला टॉवेल गादीवर! जन्मभर कानीकपाळी ओरडतेय, पण तुम्ही ऐकाल तर शपथ!"

अण्णांचा हात थांबला. हसू दाबताना पडायची तशी ओठांच्या कडेला मुरड पडली.

मुलाने अभंग बंद केले. "आई, बोल अजून."

शरयूबाईंनी पदर खोचला, तोंड उघडलं. नवऱ्याची दुसरी एकही खोड आठवेना.