घोरणाऱ्याची मिशी

माझी धाकटी बहीण दवाखान्यात लोकांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघायचं काम करते. तिचा नवरा म्हणजे मिशीला रोज तेल लावून पीळ देणारा माणूस. अंथरुणाला खिळलेल्या त्याच्याच आईची कूस बदलायची वेळ झाली, की हा घोरायला लागायचा. बहिणीनं बारा वर्षं "अहो, जरा हात लावता का?" म्हणत तीन-तीन हाका मारल्या. उठल्यावर साहेबांचं ठरलेलं, "माझी झोपच गाढ गं, कानाशी नगारा वाजवलास तरी कळत नाही!"

सासूबाई गेल्या, तशी ती म्हणाली, "चला, तुमची झोप तपासू."

गडी ऐटीत आला, तारा लावून घेतल्या आणि लागला घोरायला. आता गाढ झोपेत मेंदूच्या लहरी कशा संथ होतात, डोंगराएवढ्या मोठ्या, मग हाक आत पोचतच नाही. बहिणीनं यंत्राचा पडदा बघितला आणि वस्तरा घेतला.

"अहो, तार चिकटवायला मिशी आड येतेय. काढू का?"

घोरणं.

"अहो?"

घोरणं वाढलं.

तिसरी हाक मारून तिनं साबण लावला. आधी डावी, मग उजवी, अगदी सावकाश. घोरण्यानं खिडकीची तावदानं हलत होती, देवाशपथ!

पडद्यावर मात्र पहिल्यापासून संथ लहर एकसुद्धा नव्हती. पठ्ठ्या टक्क जागा होता.