तिसरा कप

अझिएबला कॅनडात आश्रय मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं. सुनावणीला न्यायला सोलांजमावशी निवाऱ्यावर आली होती; तीही एकेकाळी हैतीहून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली. अझिएब तिच्यासाठी कॉफीचे दाणे भाजत बसली. “पोरी, तुझी कॉफी होईस्तोवर साहेब रिटायर होतील.” “मावशी, आमच्या एरिट्रियात तिसरा कप आशीर्वादाचा. तो घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही.” दुसऱ्या कपानंतर मावशीनं तिला ओढतच गाडीत बसवलं. आशीर्वाद राहिला म्हणून अझिएब वाटभर हळहळत होती. सुनावणीच्या दालनाबाहेर तिचं नाव पुकारलं, तशी ती दाराशीच थबकली. मावशीनं पिशवीतून थर्मास, हातमोज्यातून तोच चिमुकला कप काढला आणि उरलेली कॉफी ओतली. पण प्यायली नाही. “प्या ना, थंड होईल.” “होऊ दे. तू बाहेर आलीस की पिईन. तोवर ही पाहुणी उठत नाही.”