प्रतिक्रिया

वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमीदारी शिकायला लागल्यापासून ती पोरगी अपघातात गेलेल्यांच्या घरून दोनदा हात हलवत परतली होती. एका घरच्यांनी तोंडावर दार लावलं, दुसऱ्या घरचे नुसतेच रडत राहिले. "आज घरच्यांची प्रतिक्रिया घेतल्याशिवाय येऊ नकोस," संपादकांनी बजावलं होतं. कारखान्यात बॉयलर फुटून एक फोरमन गेला होता आणि त्याच्या घरचा पत्ता तिच्या हातात होता. काही झालं तरी या खेपेला माघार घ्यायची नाही, असं मनाशी पक्कं करूनच तिने बेल दाबली.

दार फोरमनच्या बायकोने उघडलं. मनगटापर्यंत साबणाचा फेस होता. "कारखान्यातून आलात का? बरं झालं बाई. यांचा फोनच लागत नाहीये. आज ओव्हरटाइम आहे का?"

पत्ता चुकला असं सांगून तिला सरळ जिना उतरता आला असता. अशा वेळी काय करायचं, हे पत्रकारितेच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

"ताई, मी वर्तमानपत्रातून आलेय," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या. आपण आत बसू या."

संध्याकाळी संपादकांचा फोन आला, तेव्हा त्या बाईंचं डोकं तिच्या खांद्यावर होतं.

"अगं, आहेस कुठे? पान थांबलंय. प्रतिक्रिया मिळाली की नाही?"

"नाही सर," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा भाऊ येईपर्यंत मी इथून हलणार नाही. त्यांना ही बातमी मीच दिलीय."