कुणाची हरकत?

"तिथं पटकन बोलायचं हं पोरी. आपल्यासारखं आधी गप्प, मग बोलणं, असं नाही," मर्नामावशीने बजावलं होतं.

"सभेला चाललेय मावशी, लिलावाला नाही," म्हणत शार्लीनने ते हसण्यावारी नेलं.

आता कॅनडातल्या विनिपेग शहराच्या त्या सभेच्या खोलीत, आपलं झोपलेलं बाळ मांडीवर सांभाळताना, तिला प्रत्येकाचा संशय येत होता. सुईणींच्या संघटनेने यंदा पहिल्यांदाच आदिवासींसाठी एक खुर्ची ठेवली होती. त्या खुर्चीवर ती, उत्तरेतल्या एका वस्तीची सुईण, बसली होती. उत्तरेकडच्या वस्त्यांबद्दलच्या ठरावाला तिने हरकत घेतली, की ठराव अडणार, असा नियमही झाला होता. इतक्या सहज? अध्यक्ष ग्वेन एवढी गोड का बोलतेय? बाळासाठी पाळणा कुणी मागवला? कोपऱ्यातल्या त्या दोघी कसली कुजबुज करतायत? कॉफीसुद्धा तिने दुसरीने घोट घेतल्यावरच तोंडाला लावली.

मग ठराव आला. उत्तरेतल्या गरोदर बायकांना, दिवस भरत आले की, एकेकटीला विमानात बसवून शहरात पाठवायचं. आजवर चाललं तसंच. शार्लीनची धाकटी बहीण केल्सी हटून बसली होती, "मी घरीच बाळंत होणार, ताई. तुझ्याच हातून."

"कुणाची हरकत?" ग्वेनने विचारलं.

शार्लीनने नजर खाली वळवली. प्रश्न मोठा असला की उत्तराआधी थांबायचं, तिच्या क्री जमातीच्या माणसांत हाच विचारणाऱ्याचा मान. तिचे आजोबा तर चहा निवेपर्यंत थांबायचे. तिने शब्द जुळवले. मान वर केली.

"छान! एकमताने मंजूर."

"थांबा, मी बोलणार होते!"

"अगं, थांबलो होतो की आम्ही," ग्वेन म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "आता पुढच्या वर्षी बघू हं."

शार्लीनने एकेक चेहरा निरखला. लबाडी कुठेच सापडली नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

केल्सी आज विनिपेगला उतरली. शार्लीन वस्तीत परतलीय, तिथं दुसरी सुईण नाही. तिला वस्ती सोडता येत नाही, म्हणून शार्लीन तुम्हाला विनवतेय. शहरात असाल, तर उत्तरेतल्या गरोदर बायकांना ठेवतात त्या विमानतळाजवळच्या वसतिगृहात एकदा डोकावून या. दार वाजवा, हाक मारा, पण लगेच माघारी फिरू नका. केल्सी सावकाश उत्तर देते.