एकटी चांदणी

तिनं वजाबाकी तिसऱ्यांदा केली, आणि तिसऱ्यांदाही एकच उरला.

तक्ता सकाळी दहा वाजता सरकारच्या संकेतस्थळावर चढला होता, आणि चढवला होता तिनंच. शाळा, दवाखाने आणि बसचे पास यांची माहिती एकत्र करून काढलेला. कानाला यंत्र लावणाऱ्या किती मुली यंदा कुठल्या गावात नव्यानं राहायला आल्या, एवढंच त्यात होतं. तपासणीची गाडी कुठं पाठवायची ते त्यावरून ठरणार होतं. कुणाचं नाव नाही, पत्ता नाही. बारा गावं, बारा रकाने, खाली एकूण.

कुणी ओळखू येऊ नये म्हणून कार्यालयाचा नियम होता. पाचाच्या आतला आकडा, मग तो शून्य का असेना, छापायचा नाही. त्याच्या जागी चांदणी टाकायची. आणि चांदणी कधी एकटी ठेवायची नाही. एकटी राहिली की एकूणातून बाकीचे वजा करून कुणीही तिच्याखालचा आकडा काढू शकतो. नव्यानं रुजू होणाऱ्यांना हे तीच शिकवायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आपल्याकडं दोन मुठी झाकायच्या," म्हणून त्यांना हसवायचीसुद्धा.

काल संध्याकाळी एका गावाचा दुरुस्त आकडा आला. चाराचे सहा झाले होते. सहा म्हणजे दाखवायचा, म्हणून तिनं तिथली चांदणी पुसली आणि पर्स उचलून घरी गेली. धरणाजवळच्या गावापुढची दुसरी चांदणी मागं एकटी राहिली, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्या चांदणीखालचा एक म्हणजे तिची सहा वर्षांची भाची.

तिची पाचावर धारण बसली. धाकटी बहीण पोरीला घेऊन त्या गावात गेली, त्याला चार महिने झाले होते. कुठं गेली ते या थोरलीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही सांगितलं नव्हतं, कारण आईच्या पोटात काही राहत नाही. धाकटीचा नवरा जमीनमोजणी खात्यात होता. वजाबाकीला घाबरणाऱ्यातला नव्हे. तक्त्यातली बाकीची अकरा गावं त्यानं या चार महिन्यांत पालथी घातली होती, धरणाजवळचं तेवढं लांब म्हणून राहिलं होतं. पोरीच्या कानाला यंत्र लागलं होतं ते त्याच्याच हातामुळं.

तिनं धाकटीला फोन लावला. बंद. शिवणकामाच्या कारखान्यात मोबाईल दारावर जमा करतात, पाचला परत देतात. शाळा साडेचारला सुटते. भिंतीवर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

ती साहेबांच्या खोलीत शिरली तेव्हा दार वाजवायचंही तिला सुचलं नाही.

"सकाळचा तक्ता काढायला हवा, साहेब. आत्ता."

"का? नाव कुठंय त्यात कुणाचं?"

"चांदणी एकटी राहिलीय. माझी चूक आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो बाई, एवढ्या तेवढ्यावरनं कोण बसतंय वजाबाक्या करत?"

"ज्याला कुणाला शोधायचंय, तो बसतो."

बोलताना तिचा आवाज कापला. साहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. माणूस तसा आळशी, पण वाईट नव्हता.

"कुणी घरचं आहे का?"

तिनं मान डोलावली. पुढं त्यांनी काही विचारलं नाही. स्वतःच दोन बटणं दाबली आणि पडदा तिच्याकडं वळवला. तक्त्याच्या जागी पांढरं पान आलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हा तक्ता आतापर्यंत चौदा जणांनी उतरवून घेतला.

"त्यातले तेरा आपल्याच खात्याचे असतील," साहेब म्हणाले. "जा, पाणी प्या. गेला तक्ता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं."

जागेवर येऊन ती खरंच पाणी प्यायली. छातीवरचं ओझं थोडं उतरलं होतं. उगाच घाबरतो आपण, असं तिनं स्वतःला बजावलं. मग शाळेचा नंबर शोधायला घेतला. पोरीला आज एकटी सोडू नका, मावशी न्यायला येतेय, एवढं सांगितलं तरी पुरे होतं. नंबरचे चार आकडे दाबून झाले होते, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. नागरिकांच्या शंकांसाठी ठेवलेला. महिन्यातून एखाद्या वेळी वाजायचा. सवयीनं तिनं उचलला.

"नमस्कार. जरा त्रास देतो," पलीकडून आवाज आला. "सकाळी तुमचा एक तक्ता होता, कानाच्या यंत्रांचा. तो आता दिसत नाहीये."

आवाज मऊ होता, अदबशीर. हा माणूस धाकटीच्या घरातही याच आवाजात बोलायचा. आवाज चढवायची त्याला कधी गरजच पडली नाही. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"दुरुस्तीसाठी... काढलाय," ती कशीबशी म्हणाली.

पलीकडं एका गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"असू दे, असू दे. माझ्याकडं उतरवलेला आहे. मला आपलं वाटत होतं, माझीच वजाबाकी चुकली असेल. एवढ्या लांब जायचं आणि हात हलवत परत यायचं, म्हणून निघायच्या आधी विचारून घेत होतो." तो हलकेच हसला. "पण तुम्ही तक्ताच काढलात, ताई. म्हणजे माझं उत्तर बरोबर आलंय."